तिसरी प्लेट

[टोकियो, सकाळ. रेस्टॉरंटची काच, बाहेर सायकलींची रांग.]

जपानमध्ये याला ‘फामिरेसु’ म्हणतात. ‘फॅमिली रेस्टॉरंट’चं जपानी जिभेवर झालेलं रूप. टेबलावर बटण असतं, ते दाबलं की वेट्रेस येते. निशी-कसाईतल्या आमच्या घरापासून हे दहा मिनिटांवर आहे. कर्मचाऱ्यांचे चेहरे टिपायचे नाहीत या अटीवर आम्हाला कॅमेरा लावू दिला, त्यामुळे तुम्हाला बरंचसं टेबलच दिसणार आहे. चालेल. आम्हाला बोलायचंय ते टेबलाबद्दलच.

[टेबल, वरून. पाण्याचा ग्लास, काटा, सुरी.]

कियोशी कुरोसावा यांचा ‘क्युअर’ हा १९९७चा चित्रपट अशाच एका रेस्टॉरंटमध्ये संपतो. अकिरा कुरोसावांशी यांचं काही नातं नाही, हे दर वेळी सांगावं लागतं. चित्रपट पाहिला नसेल तर व्हिडिओ इथेच थांबवा, कारण आता शेवट सांगतोय.

ताकाबे नावाचा डिटेक्टिव्ह जेवून बसलाय. वेट्रेस त्याची प्लेट उचलते, कॉफी आणून ठेवते. तो फोनवर बोलतो, सिगरेट ओढतो. मागे, बऱ्याच अंतरावर, दुसरी एक कर्मचारी त्या वेट्रेसच्या कानाशी लागून काहीतरी सांगते. मग ती वेट्रेस सुरी उचलते आणि चालू लागते. संपला चित्रपट.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला ती सुरी दिसलीच नव्हती. शेजारी बसलेल्यानं कोपर मारल्यावर मागे जाऊन पाहिली. पुढे इथल्या मराठी मित्रमंडळींना दाखवला, तर दिवे लागताच पहिला प्रश्न आला, “म्हणजे शेवटी त्याच्या अंगात आलं का?” दुसरा म्हणाला, “अंगात कसलं येतंय, भानामती आहे ही.” हशा झाला. पण जगभरातली माणसं या शेवटाबद्दल जे विचारतात ते एवढंच आहे. काहीतरी एका माणसातून दुसऱ्यात शिरतंय. ते नेमकं काय?

[काळोख. लायटर पेटतो. ज्योत स्थिर होईपर्यंत शॉट धरायचा.]

टोकियोत खून पडतायत. प्रत्येक प्रेताच्या गळ्यापासून छातीपर्यंत मोठी फुली कापलेली. खुनी दर वेळी वेगळा आणि दर वेळी तिथेच आसपास सापडणारा. एक शाळामास्तर, एक चौकीतला पोलीस, एक डॉक्टरीणबाई. कबुली देतात, पण कारण विचारलं तर धड सांगता येत नाही. बातम्यांमध्ये शेजारी सांगतात ना, ‘माणूस साधा होता हो’, तशी ही सगळी साधी माणसं.

या सगळ्यांना आधी एक तरुण भेटून गेलाय. मामिया. त्याला काही आठवत नाही, स्वतःचं नावसुद्धा. तो फक्त विचारत राहतो, “तू कोण?” मास्तर म्हणतो, मी शिक्षक. तो पुन्हा विचारतो, “तू कोण?” मासातो हागिवारानं हे काम इतक्या आळसावून केलंय की आधी त्याचा राग येतो. मग कधीतरी लायटर पेटतो. नाहीतर पाणी सांडतं.

[फरशीवर पाण्याचा ओघळ, सावकाश पुढे सरकतो.]

हा ओघळ आमच्या स्वयंपाकघरातला आहे. चित्रपटातली दृश्यं इथे दाखवण्याचे हक्क आमच्याकडे नाहीत, म्हणून ग्लास आडवा केला आणि वाट पाहिली. सात टेक लागले. पाणी कुठल्या फटीतून वळेल ते सांगता येत नाही आणि नजर मात्र त्याच्या टोकाला चिकटून राहते. मामिया एवढंच करतो. मंत्र नाही, हातवारे जवळपास नाहीत, डोळे वटारणं नाही. आपल्याकडच्या जत्रेतला नजरबंदीवाला याच्यापेक्षा जास्त मेहनत घेतो.

[जुनी पुस्तकं, कपाटाची काच, त्यात खिडकीचं प्रतिबिंब.]

चित्रपटात मामियाच्या खोलीत मेस्मरवरची पुस्तकं सापडतात. हा फ्रान्ट्स आन्टोन मेस्मर खरा माणूस. व्हिएन्नाचा डॉक्टर, १७७८ साली पॅरिसला आला. माणसांच्या शरीरातून एक चुंबकी प्रवाह वाहतो, तो अडला की माणूस आजारी पडतो, मोकळा केला की बरा होतो, असं त्याचं म्हणणं. श्रीमंत बायकांची त्याच्या दारात रीघ लागली. १७८४ साली फ्रान्सच्या राजानं चौकशी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. रुग्णांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधून त्यांनी प्रयोग केले. निष्कर्ष निघाला की प्रवाह वगैरे काही नाही, हा सगळा कल्पनेचा परिणाम. मला त्या निष्कर्षातलं दुसरं अर्धं वाक्य जास्त भीतीदायक वाटतं. प्रवाह नाही, पण परिणाम आहे.

हे खूळ मेजी काळात, म्हणजे १८६८ ते १९१२च्या दरम्यान, जपानमध्ये पोचलं. ‘साइमिनजुत्सु’, म्हणजे संमोहनविद्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिची पुस्तकं निघाली, शिकवणारे निघाले, रोग बरे करून देणारे निघाले. शेवटी १९०८ साली किरकोळ गुन्ह्यांबद्दलचा एक पोलिसी आदेश निघाला. त्यात बेछूटपणे संमोहन करणाऱ्याला शिक्षेची तरतूद होती. कायद्याच्या भाषेत ही गोष्ट अशी नोंदली गेली, की सरकारला तिची काळजी वाटत होती. टोकियो इम्पीरियल विद्यापीठात तोमोकिची फुकुराई हे प्राध्यापक संमोहनावर संशोधन करता करता अतींद्रिय दृष्टीच्या प्रयोगांकडे वळले आणि त्यापायी त्यांना विद्यापीठ सोडावं लागलं. विज्ञान आणि मांत्रिकी यांच्यामधली भिंत तिथे किती पातळ होती ते यावरून कळतं. ‘क्युअर’मध्ये साकुमा हा मानसोपचारतज्ज्ञ ताकाबेला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची एक फिल्म दाखवतो: खुर्चीत एक बाई आणि हवेत फुली काढणारा हात. ती फिल्म चित्रपटासाठी बनवलेली. पण ज्या काळावर तिनं बोट ठेवलंय तो खरा आहे.

हाच साकुमा आधी सांगतो की संमोहनानं माणसाची मूळ नीती बदलत नाही. ज्याला खून करायचा नाही त्याच्याकडून तो करवून घेता येत नाही. हे वाक्य दिलासा म्हणून येतं. जरा उलटं करून पाहा. ज्यांनी खून केले, त्यांना तो करायचाच होता?

[कासुमिगासेकी स्टेशन. पायऱ्या, उतरणारे बूट.]

२० मार्च १९९५. ओम शिन्रिक्यो पंथाच्या लोकांनी सकाळच्या गर्दीत टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन हा विषारी वायू सोडला. पाच गाड्या, सगळ्या या स्टेशनाच्या दिशेनं येणाऱ्या. माणसं मेली, हजारो आजारी पडली. सरीन सोडणाऱ्यांत हृदयाचा एक शल्यचिकित्सक होता.

कुरोसावांच्या चित्रपटाचं आधीचं नाव होतं ‘देन्दोशी’, म्हणजे धर्मप्रचारक. सरीनच्या त्या सकाळीनंतर हे नाव नको असं ठरलं आणि ‘क्युअर’ आलं. बरं होणं. उपचार. माझ्या मते या बदलानं चित्रपटाचं भलं झालं. पहिल्या नावानं शेवट फोडून टाकला असता. प्रचारक मामिया मेला, गादी ताकाबेकडे गेली, आता तो पुढच्यांना दीक्षा देणार. बहुतेक लोक शेवट असाच वाचतात. त्यात चूक नाही. सिगरेट आहे, म्हणजे आगही आलीच. मला तो अर्थ जरा लवकर मिटल्यासारखा वाटतो, इतकंच.

[चालू वॉशिंग मशीन. आत कपडे नाहीत.]

ताकाबेच्या घरात हे मशीन रिकामं फिरत असतं. बायको फुमिए मनानं आजारी आहे. ती मशीन चालू करते, तो येऊन बंद करतो. ती पुन्हा चालू करते. तो काही बोलत नाही. कोजी याकुशोचा चेहरा या प्रसंगांत जे करतो त्यासाठी त्याला टोकियो चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं, असं मी मनाशी धरून चालतो.

‘गामान’ असा एक जपानी शब्द आहे. सोसणं, तक्रार न करता सोसणं. मराठीत आपण याला गिळणं म्हणतो. राग गिळला, अपमान गिळला, अवंढा गिळला. चित्रपटात सगळे काही ना काही गिळून बसलेत. लाँड्रीत ताकाबेच्या शेजारी उभा असलेला माणूस तोंडातल्या तोंडात कुणावर तरी चडफडत असतो आणि दुकानदार येताच एकदम गोड होतो. डॉक्टरीणबाईला मामिया आठवण करून देतो ती शवविच्छेदनाच्या टेबलावरच्या पहिल्या पुरुषाची. तो कुणाच्या आत काही घालत नाही. आत जे आहे त्याच्यावरचं झाकण काढतो.

[प्लेट एक. कच्चं मांस.]

म्हणून प्लेटा बघा. एकदा ताकाबे घरी येतो, तर बायकोनं त्याच्यासाठी कच्च्या मांसाचा तुकडा वाढून ठेवलाय. तो स्वयंपाकघरातली सुरी हातात घेतो. आणि ठेवतो.

[प्लेट दोन. भरलेली, गार.]

मग याच फामिरेसुत तो बसतो. अन्न समोर येतं. एक घास जात नाही. चिंतेतल्या माणसाबद्दल आपण म्हणतो ना, अन्न गोड लागत नाही त्याला.

[बसची खिडकी. बाहेर नुसते ढग.]

बायकोला तो इस्पितळात नेतो त्या बसच्या खिडक्यांबाहेर रस्ता नाही, झाडं नाहीत, फक्त ढग आहेत. आम्ही चिबाच्या किनाऱ्याकडे जाताना हा शॉट घेतला. कॅमेरा थोडा वर उचलला की कुठलीही बस हवेत तरंगते. चित्रपटातली सगळी जादू याच जातीची आहे.

पुढे रानातल्या पडक्या इमारतीत ताकाबे मामियाला गोळ्या घालतो. तिथे एक जुना फोनोग्राफ आहे, त्यातून एक घोगरा आवाज येतो, शब्द लागत नाहीत. फोनोग्राफ आम्हाला मिळाला नाही. मग क्षणभर इस्पितळाच्या गाडीवर फुमिएचं प्रेत दिसतं, गळ्यावर फुली. कुणी मारलं ते चित्रपट सांगत नाही.

[प्लेट तीन. रिकामी, रश्श्याचा डाग.]

आणि लगेच हे. त्यानं सगळं खाल्लंय. हातातला फोन, कॉफी, चेहरा निवांत. बरा झालाय तो. घरी मशीन बंद करायला आता जावं लागणार नाही.

आता अंगात आलं का, या प्रश्नाकडे. वेट्रेसकडे ताकाबे लायटर धरत नाही. “तू कोण?” असं विचारत नाही. तिच्या कानाशी लागते ती दुसरी कर्मचारी. काय म्हणाली असेल? सात नंबरला पाणी दिलं नाहीस, एवढंच असेल. रोज ऐकायचं आणि रोज हसून ‘हाय’, म्हणजे जपानीत ‘हो’, म्हणायचं. आजच सुरी का उचलली, याला माझ्याकडे एकच उत्तर आहे: आज त्या खोलीत एक माणूस असा बसलाय ज्यानं गिळणं सोडून दिलंय. तो काही करत नाही. नुसता बसलाय. याला अलौकिक म्हणायचं असेल तर म्हणा. मी म्हणतो. भूत दाखवलं असतं तर मला झोप लागली असती.

मित्राचं म्हणणं अजून भानामतीच.

[टेबल. बटणावर बोट. बझर. कॅमेरा हलत नाही.]

आमचं जेवण झालंय. प्लेट न्यायला कुणीतरी येतंय. अट आहे, चेहरा दाखवायचा नाही. हात दिसतील.