कर्लीच्या मुखाशी एक दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मालवणच्या दक्षिणेला देवबाग नावाचे गाव आहे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी आणि या दोहोंच्या मध्ये माडांनी भरलेली जमिनीची चिंचोळी पट्टी, असे या गावाचे रूप आहे. ही पट्टी संपते तिथे नदी समुद्राला मिळते आणि पलीकडच्या काठावर भोगवे दिसते. गेल्या मार्गशीर्षात आम्ही चौघे जुने मित्र इथल्याच एका तांडेलकाकांच्या (तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख) होडीतून दिवसभर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, गेलो होतो. त्या दिवसाविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे.

खरे तर तो दिवस आम्ही फोन केला तेव्हाच सुरू झाला. आम्ही सोयीचा रविवार मागितला आणि काकांनी वाराचा विचारही न करता तिथी सांगितली : दशमी. कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. दहाची पाऊणपट साडेसात, म्हणून दशमीला साडेसातच्या सुमारास भरती आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा माथ्यावर येतो आणि भरतीही रोज जवळपास तेवढीच मागे सरते. पाऊणपटीचा हिशेब त्यावरच बेतलेला आहे. जागेप्रमाणे थोडाफार फरक पडतो, पण हातात पंचांग असलेल्या माणसाला एवढे पुरते. दशमीच का, याचेही कारण काकांनी सांगितले. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी इतके ओढते की गळाचे शिसे तळाशी ठरत नाही आणि खाडी गढूळ होते. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असताना, पाणी सुस्त असते आणि मासाही सुस्त असतो. दशमीचे पाणी चालते, पण धावत नाही.

पहाटे पावणेसहाला आम्ही धक्क्यावर पोहोचलो तेव्हा जमिनीवरून समुद्राकडे जाणारा गार मतलई वारा सुटलेला होता. काकांनी आधी चौघांच्या अंगावर लाइफ जॅकेट चढवून त्यांचे पट्टे स्वतःच्या हाताने ओढून पाहिले आणि मगच नांगर उचलला. आपल्यापैकी कोणी अशा सफरीला जाणार असेल, तर ज्या होडीत जॅकेट मागावे लागते त्या होडीत बसू नये, असे मी कळकळीने सांगेन.

आमिषासाठी बादलीत जिवंत सुंगटे, म्हणजे कोळंबी, होती. ती गरीला, म्हणजे गळाच्या आकड्याला, लावण्याची रीत मी अगदी जवळून पाहिली आणि ती माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. काकांनी एक सुंगट उजेडाकडे धरले. त्याच्या काचेसारख्या डोक्यात एक काळसर ठिपका दिसत होता. ठिपक्याच्या पुढे, काट्याच्या मुळाशी त्यांनी गरीचे टोक अलगद पार केले. ठिपक्याला धक्का लागला तर सुंगट तिथेच मरते. तो चुकवला तर ते पाण्यात बराच वेळ पाय हलवत राहते आणि मासा त्या हालचालीलाच येतो. आम्ही प्रत्येकाने दोन-तीन सुंगटे वाया घालवल्यावर हात बसला. रीळ लावलेली काठी होडीत होती, परंतु काकांनी आम्हाला नुसती तंगुसाची, म्हणजे नायलॉनच्या धाग्याची, दोरी दिली. तर्जनीवरून सोडलेल्या तंगुसातून तळाची वाळू, खडक, चिखल आणि लहान माशाचे टोचणे, सारे वेगवेगळे कळते. काठीतून ते तसे कळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते आणि दिवसाअखेर ते मला पटले.

भरती पूर्ण होईपर्यंत आम्हाला काहीच लागले नाही. आमच्यातला एक जण पुन्हा पुन्हा दोरी ओढून गरी पाहू लागला, तेव्हा काका त्याला म्हणाले, "आधी पाणी बगा, गरी मागसून." मग त्यांनी आम्हाला पाणी दाखवले. भरतीचे पाणी कांदळवनात शिरले की लहान मासळी आणि कोळंबी मुळांच्या आडोशाला चरायला आत जाते. ओहोटी लागली की तिला व्हाळांच्या, म्हणजे लहान ओहोळांच्या, तोंडातून बाहेर यावेच लागते आणि मोठा मासा नेमका त्या तोंडाशी, वाहत्या आणि थबकलेल्या पाण्याच्या सीमेवर, टपून असतो. ही सीमा पृष्ठभागावर एका बारीक सुरकुतीसारखी दिसते. तासभर आम्ही तिच्याच शेजारी बसलो होतो आणि ती आम्हाला दिसली नव्हती.

आठनंतर होडी अशाच एका व्हाळाच्या तोंडाशी नांगरली आणि तांबोशी लागू लागली. तांबोशी गळाला लागताच मुळांकडे किंवा खडकाच्या कपारीकडे झेप घेते, म्हणून पहिल्या क्षणालाच तिला ओढावे लागते. माझ्या हातची पहिली अशीच तंगूस तोडून गेली आणि बोटावर बारीक चीर उमटवून गेली. त्यानंतर चार मिळाल्या. त्यांतल्या दोन वीतभरही नव्हत्या, त्या काकांनी ओल्या हाताने सोडवून परत पाण्यात घातल्या. शासनाने 2023 साली 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला आहे. काकांची वीत त्याच्या कितीतरी आधीपासून हेच काम करीत आली आहे.

अकराच्या सुमारास एका मित्राची दोरी जड झाली. वीस मिनिटे ती हातोहात फिरली आणि अखेर होडीच्या कडेला दोन हात लांबीचा, चांदीसारखा चोणक आला. रायगडकडे यालाच जिताडा म्हणतात. बाजारात याला मोठा भाव मिळतो, हे आम्हाला ठाऊक होते आणि काकांना तर अधिकच. त्यांनी क्षणभर माशाकडे पाहिले आणि म्हणाले, "ही मादी. पावसात हीच अंडी घालतली." चोणक जन्माने बहुतेक नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणून एवढा मोठा चोणक म्हणजे जवळजवळ नक्कीच मादी. पावसाळ्यात ती नदीमुखाजवळ अंडी घालते. यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै जी बंदी असते, ती याच दिवसांत. ज्याच्या गळाला ती लागली होती तो मित्र बराच वेळ गप्प होता. त्याला ती घरी न्यायची होती आणि त्याची इच्छा मला गैर वाटली नाही. अखेर त्यानेच तिला पोटाखालून दोन्ही हातांनी आधार देऊन प्रवाहाकडे तोंड करून धरले. तिचे कल्ले दोन-तीनदा उघडमीट झाले, मग शेपटीचा एक फटका बसला आणि त्याचे दोन्ही हात रिकामे झाले.

दुपारी काकांच्या घरी तांबोशीचे तिरफळ घातलेले तिखले आणि भात जेवलो. निघताना त्या मित्राने पुन्हा केव्हा येऊ, असे विचारले. काकांनी भिंतीवरचे कॅलेंडर न पाहताच पुढच्या पक्षातली पंचमी सांगितली. मित्राने बोटांवर हिशेब केला : पाचाची पाऊणपट, पावणेचार, दुपारची भरती चारच्या आसपास उतरणार आणि ओहोटीचे पाणी व्हाळांतून दिवेलागणीपर्यंत बाहेर येत राहणार. काका म्हणाले, "तीनाक धक्क्यार येवा."