चार गुणांत मावलेली तीन मुलं

नमस्कार मंडळी.

आज मी तुम्हाला एका रविवारी घेऊन जाणार आहे. तारीख १३ सप्टेंबर २०२०, ठिकाण इटलीतलं मुजेल्लो सर्किट. फॉर्म्युला थ्री या मोटार शर्यतींच्या मालिकेतली, मोसमातली शेवटची शर्यत सुरू व्हायची आहे आणि गुणतक्त्याच्या टोकाला दोन नावं आहेत. ऑस्कर पियास्त्री, १६० गुण. लोगन सार्जंट, १६० गुण. दोघेही १९ वर्षांचे, आणि विशेष म्हणजे दोघेही एकाच संघाचे, ‘प्रेमा’ नावाच्या. नऊ गुणांनी मागे तिसरा, थेओ पुर्शेर. तो जेमतेम १७ वर्षांचा.

या तिघांना निवडण्यामागे कारण आहे. सिंगल-सीटरची, म्हणजे एकाच आसनाच्या शर्यती गाड्यांची, शिडी गुणवत्तेची आहे, जो वेगवान तो वर चढतो, असं आपण धरून चालतो. मीही बरीच वर्षं तसंच धरून चाललो होतो. या तिघांनी मला पुन्हा विचार करायला लावला.

शिडी थोडक्यात सांगतो. लहानपणी कार्टिंग, म्हणजे छोट्या गाड्यांच्या शर्यती. १५ वर्षं पूर्ण झाली की फॉर्म्युला फोर. मग प्रादेशिक मालिका, फॉर्म्युला थ्री, फॉर्म्युला टू, आणि वर फॉर्म्युला वन. थ्रीच्या गाडीत सुमारे ३८० अश्वशक्ती, टूच्या गाडीत सुमारे ६२०. दोन्ही मालिकांत सगळ्यांना दाल्लाराचीच गाडी, एकाच बनावटीचं इंजिन, एकाच कंपनीचे टायर. म्हणजे फरक माणसात दिसावा अशी सोय केलेली आहे. निदान हेतू तरी तो आहे. प्रत्यक्षात गाडी एकच असली तरी ती लावणारे इंजिनीअर, आधीच्या मोसमांची माहिती, सरावाचे दिवस हे सगळं संघागणिक बदलतं, आणि चांगल्या संघातली जागा पैसे भरून मिळते. म्हणून तर सार्जंट आणि पियास्त्री यांची तुलना मला मोलाची वाटते. संघ एकच होता.

आता त्या मोसमाकडे बघा. साथीमुळे सगळं कॅलेंडर कोलमडलं होतं. जुलैच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत १८ शर्यती उरकल्या. पियास्त्रीने त्यातल्या दोनच जिंकल्या. पोल पोझिशन, म्हणजे सुरुवातीची सगळ्यात पुढची जागा, एकही नाही. लियम लॉसनने तीन शर्यती जिंकल्या आणि तो पाचवा आला. मग पियास्त्री पुढे कसा? जिथे जिंकता येत नव्हतं तिथे तो दुसरा आला, पाचवा आला, सहावा आला, पण हात हलवत क्वचितच परतला. ३० गाड्यांच्या गर्दीत पहिल्या वळणावर पुढची चाकं शाबूत ठेवणं ही मोठी कला आहे, आणि विजयांच्या रकान्यात ती कुठेच दिसत नाही.

मुजेल्लोला रविवारच्या शर्यतीत आदल्या दिवशीचे पहिले दहा जण उलट्या क्रमाने उभे राहायचे. सार्जंट शनिवारी सहावा आला होता, म्हणून तो पाचव्या जागेवर. पियास्त्री अकरावा आला होता, म्हणजे उलटापालटीच्या बाहेर, तो अकराव्याच जागेवर. कागदावर सगळं सार्जंटच्या बाजूने. आणि पहिल्याच लॅपमध्ये लिरिम झेंडेलीच्या गाडीशी त्याची टक्कर झाली. संपलं. वर्षभराची मेहनत काही सेकंदांत वाळूत. पियास्त्री शांतपणे सातवा आला, चार गुण मिळाले. पुर्शेर तिसरा आला. शेवटचा तक्ता: पियास्त्री १६४, पुर्शेर १६१, सार्जंट १६०. चार गुणांत तिघे मावले.

इथून वाटा फुटतात.

पियास्त्री प्रेमाबरोबरच फॉर्म्युला टूमध्ये गेला. तिथे त्याचा सहकारी होता रॉबर्ट श्वार्त्समान, २०१९चा थ्रीचा विजेता, टूमध्ये एक वर्ष काढलेला. आदल्या वर्षी एकही पोल न मिळालेल्या या मुलाने २०२१मध्ये ओळीने पाच पोल घेतले, सहा शर्यती जिंकल्या, २५२.५ गुण मिळवले. दुसऱ्या आलेल्या श्वार्त्समानचे १९२. पहिल्याच प्रयत्नात लागोपाठ ही दोन्ही अजिंक्यपदं त्याच्याआधी, थ्रीच्या जागी जीपी-थ्री ही मालिका होती त्या काळात, लक्लेर आणि रसेल यांनी घेतली होती. एवढं करून २०२२मध्ये त्याला जागा नाही! नियम असा की टूच्या विजेत्याला पुन्हा टूमध्ये उतरता येत नाही. वर जागा रिकामी नाही, खाली परत जायची परवानगी नाही. वर्षभर तो फॉर्म्युला वनमधल्या अल्पीन संघाचा राखीव चालक म्हणून गॅरेजमध्ये उभा राहिला. मॅकलारेन संघाने आपला चालक रिकार्डोचा करार एक वर्ष बाकी असताना संपवला, तेव्हा दार उघडलं. पियास्त्रीवर अल्पीननेही हक्क सांगितला होता. निवाडा मॅकलारेनच्या बाजूने लागला.

सार्जंटचं काय? २०१५चा ज्युनिअर कार्टिंगचा विश्वविजेता मुलगा. फॉर्म्युला टूसाठी लागणारा पैसा जमला नाही, म्हणून २०२१मध्ये तो पुन्हा थ्रीमध्येच, आणि तोही चारूझसारख्या मागच्या फळीतल्या संघात. सोचीला त्याने त्या संघाला एक शर्यत जिंकून दिली. मला विचाराल तर त्याच्या कारकिर्दीतलं ते सगळ्यात मोठं काम, पण ते फार कुणाच्या लक्षात नाही. मग फॉर्म्युला वनमधल्या विल्यम्स संघाने त्याला उचललं, २०२२मध्ये तो टूमध्ये चौथा आला आणि लगेच वर गेला. म्हणजे टूचा विजेता एक वर्ष बसून राहिला आणि चौथा आलेला थेट पोचला. यात सार्जंटचा काही दोष नाही. त्याच्या वेळी दार उघडं होतं, एवढंच. ते बंदही लवकर झालं. २०२४च्या ऑगस्टमध्ये, नेदरलँड्सच्या शर्यतीनंतर, विल्यम्सने मोसमाच्या मध्येच त्याला काढलं.

आणि पुर्शेर. मला सगळ्यात जास्त चुटपुट याची लागते. १७व्या वर्षी मोनॅकोला टूमध्ये पोल घेऊन मुख्य शर्यत जिंकणारा मुलगा. २०२२मध्ये दुसरा, २०२३मध्ये विजेता. पण फॉर्म्युला वनमधल्या ज्या साऊबर संघाने त्याला वाढवलं, त्यांच्याकडे २०२२ ते २०२४ अशी तिन्ही वर्षं बोटास आणि झोऊ हीच जोडी होती. त्या काळात दोन जागांपैकी एकही हलली नाही. मग जपानमध्ये एक शर्यत, अमेरिकेत इंडीकार मालिकेच्या काही, तिथूनही मोसमाच्या मध्येच बाहेर. पालक मला विचारतात, मुलगा फॉर्म्युला टू जिंकला तर पुढे काय? मी त्यांना पुर्शेरचं नाव सांगतो. घाबरवायला नाही. विचारणाऱ्याला खरं उत्तर मिळायला हवं म्हणून.

जाता जाता आणखी एक रविवार. ५ मार्च २०२३, बहरीन. त्या दिवशी हे तिघेही एकाच सर्किटवर होते. आधी फॉर्म्युला टूची मुख्य शर्यत झाली. पुर्शेरने ती इतक्या मोठ्या अंतराने जिंकली की मागचे दिसतही नव्हते. अजिंक्यपदाच्या त्या मोसमातला त्याचा तो एकमेव विजय ठरला. मग दिवे लागले आणि फॉर्म्युला वनच्या गाड्या उभ्या राहिल्या. पियास्त्री आणि सार्जंट, दोघांचीही ती पहिलीच शर्यत. पियास्त्रीची गाडी विजेच्या बिघाडाने तेराव्या लॅपच्या आसपास बंद पडली. सार्जंट बारावा आला. त्या दिवशी या तिघांना तीन खुर्च्यांवर बसवून पुढच्या दोन वर्षांत कोण कुठे असेल असं विचारलं असतं, तर मला उत्तर देता आलं नसतं.