गुरुवारचा ठरलेला प्रश्न
(संसदीय कामकाजावरील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आपल्याकडे अधिवेशन जवळ आलं की पहिली बातमी कामकाज सल्लागार समितीची, म्हणजे कोणत्या कामाला किती वेळ हे ठरवणाऱ्या समितीची. नागपूरला तर संत्रा बर्फी आणि विरोधकांची ‘कामकाज वाढवा’ ही मागणी, दोन्ही ठरलेल्या. पण वेळेची ही घासाघीस होते बंद दाराआड. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये तिचा काही भाग दर गुरुवारी भर सभागृहात होतो. आज त्या तासाबद्दल बोलतो.

सकाळी खात्यांचे प्रश्न संपले की विरोधी बाकांवरून एक जण उठतो आणि विचारतो, पुढचं कामकाज सांगाल का? प्रश्न वर्षानुवर्षं हाच. मग सरकारतर्फे सभागृह नेता, म्हणजे कामकाजाची जबाबदारी असलेला मंत्री, कागद वाचतो: सोमवारी अमुक विधेयकाचं दुसरं वाचन, मंगळवारी तमुकचे उरलेले टप्पे. त्यापुढच्या आठवड्याचं कामकाज ‘तात्पुरतं’ म्हणून. वाचन दोन-तीन मिनिटांत आटोपतं. खरी गंमत पुढचा तासभर चालते.

मागच्या बाकांवरचे सदस्य, म्हणजे ज्यांच्याकडे मंत्रिपद किंवा पक्षाचं पद नाही असे साधे खासदार, उठाबशा काढू लागतात. अक्षरशः! एक उत्तर संपलं की उभं राहायचं, अध्यक्षांची नजर पडली नाही की बसायचं, पुन्हा उभं राहायचं. आणि सुरुवातीच्या वाचनाला जो हजर नव्हता त्याला पुकारत नाहीत, असा रिवाज.

प्रश्न कामकाजाविषयीच हवा, ही अट. आता समजा, एका बाईंच्या मतदारसंघातल्या गावात शेवटची बँक शाखा बंद होतेय. सभागृह नेत्याचा त्याच्याशी काय संबंध? म्हणून त्या आधी तक्रार मांडतात आणि मग शेपूट जोडतात: ‘यावर चर्चेला वेळ मिळेल का?’ झालं, प्रश्न नियमात बसला! आपल्याकडे तातडीचा विषय मांडायला ‘औचित्याचा मुद्दा’ काढतात, त्याचा हा विलायती चुलतभाऊच म्हणा.

वेळ मागायचा तो सरकारकडेच, कारण तिथल्या स्थायी आदेश (सभागृहाचा कायमचा नियम) क्रमांक 14 नुसार, ठरावीक अपवाद सोडले, तर प्रत्येक बैठकीत सरकारी कामकाजाला अग्रक्रम. 2010 मध्ये मागच्या बाकांवरच्या सदस्यांची वेगळी कामकाज समिती आली, तिच्या वाट्याला एका सत्रात 35 दिवस. बाकीची किल्ली सरकारच्याच कमरेला.

उत्तर देणाऱ्याची कसरत बघण्यासारखी असते. रस्त्यावरच्या खड्ड्यापासून परदेशातल्या युद्धापर्यंत काहीही अंगावर येतं. चर्चेची तारीख द्यायची नसते, आणि तोंडावर ‘नाही’ही म्हणायचं नसतं. मुरलेला नेता मग वाटा दाखवतो. दिवसाच्या शेवटी अर्ध्या तासाची तहकुबीची चर्चा असते, तिच्यासाठी अर्ज करा. मागच्या बाकांवरच्यांच्या त्या कामकाज समितीकडे जा. नाहीतर, ‘संबंधित मंत्र्यांच्या कानावर घालतो.’ ही शेवटची वाट पळवाट वाटते ना? मला तीच सर्वांत कामाची वाटते. बाईंना चर्चा कुठे हवी होती? गावाचं नाव मंत्र्याच्या कानावर जायला हवं होतं.

आपल्या लोकसभेतही आठवड्याच्या शेवटी, बहुधा शुक्रवारी, पुढच्या आठवड्याचं सरकारी कामकाज वाचून दाखवतात. सदस्य आपापले विषय सुचवतात, कुणी रेल्वेचा थांबा, कुणी कांद्याचा भाव. पण एकेकाला तिथल्या तिथे उत्तर देण्याची पद्धत नाही. मला हे खटकतं. गुळमुळीत का असेना, उत्तर मिळालं की ते कार्यवृत्तात राहतं, आणि पुढच्या गुरुवारी तोच कागद धरून पुन्हा उठता येतं.

पुन्हा पुन्हा उठण्यात ब्रिटिश खासदार सर डेव्हिड अमेस यांचा हात कुणी धरला नसता. आपल्या मतदारसंघाच्या साउथएंड गावाला ‘सिटी’चा दर्जा द्या, हा त्यांचा धोशा. तिथे हा दर्जा राजाच्या किंवा राणीच्या सनदेने मिळतो, गाव मोठं असलं म्हणून आपोआप नाही. विषय कुठलाही असो, अमेस गाडी साउथएंडवर आणायचे आणि सभागृहात हशा पिकायचा. 15 ऑक्टोबर 2021 ला मतदारांना भेटत असताना त्यांचा खून झाला. तीन दिवसांनी, सोमवारी, पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी सभागृहात साउथएंडला तो दर्जा जाहीर केला. प्रश्नांमुळे मिळाला म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण कोणती मागणी पूर्ण करायची, हे त्या दिवशी कुणाला शोधावं लागलं नाही.