‘सेंट’ दिसला म्हणजे पोचला असं नाही

(ठाण्याच्या नौपाड्यातल्या व्यापाऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

मंडळी, दुकानदार, क्लासवाले, दवाखाने यांचे मेसेज, म्हणजे एसएमएस, पाठवून देणं हा माझा धंदा. मेसेज पोचला तर नाव तुमचं, नाही पोचला तर शिव्या मला.

मध्यंतरी घंटाळीजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या मॅडमचा सकाळीच फोन आला. “काल दोनशे पेशंटना रिपोर्ट तयार असल्याचा मेसेज टाकला. स्क्रीनवर सगळे सेंट दिसतायत, आणि इथे काउंटरवर लोक भांडतायत!” मी म्हटलं, डिलिव्हरी रिपोर्ट बघितलात का? “तो कुठे असतो?”

तर ‘सेंट’ म्हणजे तुमच्या संगणकाने मेसेज माझ्या हवाली केला, बस. कुरिअरवाल्याने पावती फाडली, पार्सल अजून त्याच्या गोणीतच आहे. पुढे मोबाइल कंपनी तो तपासते. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, हिच्या २०१८ च्या नियमांनुसार धंद्याचा प्रत्येक मेसेज डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंदवलेला लागतो: तुमची संस्था, तुमचं हेडर म्हणजे पाठवणारा म्हणून दिसणारं नाव, आणि मजकुराचा साचा म्हणजे टेम्प्लेट. पाठवलेला मजकूर साच्याशी जुळला नाही तर तो तिथेच गळतो, पेशंटच्या फोनपर्यंत जातच नाही. ८ मार्च २०२१ ला ही तपासणी पहिल्यांदा कडकपणे सुरू झाली, तेव्हा बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले आणि दुसऱ्याच दिवशी ट्रायला ती आठवडाभर थांबवावी लागली. मोठमोठ्या बँकांची ती गत, तर आपण कोण!

मॅडमचा डिलिव्हरी रिपोर्ट उघडला. एकजात सगळीकडे ‘टेम्प्लेट मिसमॅच’. नोंदवलेल्या साच्याची सुरुवात होती, ‘आपला रिपोर्ट तयार आहे.’ काउंटरवरच्या नव्या मुलीने पुढे स्वतःहून ‘नमस्कार,’ जोडलं होतं. पोरगी सालस, पण यंत्राला सालसपणा कळत नाही. बदल हवा असेल तर साचाच नव्याने नोंदवायचा, नाहीतर नावगाव बदलण्यासाठी साच्यात जी मोकळी जागा ठेवलेली असते तेवढीच भरायची.

बरं, नमस्कार काढला तरी मेसेज अडकले. आता लिंक. रिपोर्टची लांबलचक लिंक कुठल्याशा फुकट साइटवर आखूड करून टाकली होती. १ ऑक्टोबर २०२४ पासून मेसेजमधली लिंक आधी व्हाइटलिस्ट केलेली, म्हणजे नोंदवून मंजूर करून घेतलेली, लागते. ही नव्हती. ती नोंदवून घेतली आणि मगच गाडी पुढे सरकली.

मराठीत मेसेज पाठवणाऱ्यांनी बिलाकडेही लक्ष द्या. इंग्रजी मेसेज एकात १६० अक्षरं घेतो, देवनागरी फक्त ७०. त्यापुढे गेलात की तुकडे पडतात, आणि प्रत्येक तुकड्यात ६७. मोजणी तुमच्या डोळ्यांनी होत नाही. ‘श्री’ हे आपल्याला एक अक्षर. यंत्राला श, हलन्त, र आणि दीर्घ ई असे चार. त्यामुळे ‘साठच तर अक्षरं आहेत’ म्हणणाऱ्याला दोन मेसेजचे पैसे पडतात. इंग्रजीवाल्यांनाही सूट नाही. वर्डमधून मजकूर चिकटवलात की वळणदार अवतरणचिन्ह चोरपावलांनी आत येतं, आणि त्या एका चिन्हापायी अख्खा मेसेज ७० च्या हिशोबात जातो. शिवाय साचा जुळत नाही तो वेगळाच.

सेलच्या जाहिराती सकाळी दहा ते रात्री नऊमध्येच टाका. ज्याने १९०९ वर नको म्हणून कळवलंय, त्याला त्या जाणार नाहीत. त्यावर माझ्याशी वाद घालू नका.

आणि याद्या! एका क्लासच्या यादीत २५ ने सुरू होणारे आठ आकडी नंबर निघाले. अहो, ते ठाण्याचे लँडलाइन. आजच्या काळात लँडलाइनवर फीची आठवण पाठवताय!

मला फोन कराल तेव्हा ‘मेसेज जात नाहीत’ एवढंच सांगू नका. एक नंबर, पाठवल्याची वेळ आणि रिपोर्टमध्ये त्या नंबरपुढे काय लिहिलंय, एवढं द्या.

त्या लॅबचं संध्याकाळपर्यंत सुरळीत झालं. फक्त एक आजोबा हटून बसले, मला आलाच नाही म्हणून. रिपोर्टमध्ये ‘डिलिव्हर्ड’. मॅडमनी त्यांचाच फोन हातात घेतला, मेसेजमधलं ‘स्पॅम आणि ब्लॉक केलेले’ उघडलं. कर्जवाले, लॉटरीवाले, आणि त्यांच्या मधोमध आजोबांची साखर, न वाचलेली.