पंप कुठे बसला?

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते गावाच्या कडेला राहणाऱ्या घरांबद्दल. भूमिहीन, पारधी, दलित, ऊसतोडीला जाणारी घरं. आरोग्याच्या योजना यांच्या नावाने निघतात आणि यांच्याच दारी सगळ्यात उशिरा पोचतात.

जामखेडची एक गोष्ट मी संधी मिळेल तिथे सांगत आले आहे, आजही सांगते. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं तिथे आलं. दोघंही वेल्लोरला शिकलेले डॉक्टर. लोकांशी बोलायला बसले, तर लोक म्हणाले, दवाखान्याचं मागाहून बघू, आधी पाण्याचं बोला. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी काढला, त्यांना मी वेगळं काय सांगू? मग ठरलं, बोअर घ्यायचे, हातपंप बसवायचे.

आता नीट ऐका. त्या काळी गावच्या विहिरीवर दलित बाईला पोहरा सोडता येत नसे. घागर घेऊन लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरून पाणी ओतणार. हे आरोळे पती-पत्नींना ठाऊक होतं. पाण्याची जागा दाखवायला भूगर्भतज्ज्ञ यायचे होते. त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं : जागा शक्यतो दलित वस्तीत बघा. पाणी लागलं, पंप बसला, तो दलित वस्तीत! आता पाणी हवं तर गावाने वस्तीवर यायचं. तोच दांडा सगळ्यांनी धरायचा, त्याच रांगेत हंडे ठेवायचे. पंप वस्तीत बसला, म्हणून गाव वस्तीत आलं. आणि उघड्यावरचं पाणी सुटलं की पोरांची हगवण कमी होते, हे तर तुम्हाला घरात बसून माहीत आहे.

पुढे आरोग्यसेविकाही त्या त्या गावातल्याच बायका झाल्या. कित्येकींना अक्षरओळख नव्हती. सगळ्या जातींच्या बायका जामखेडला एकत्र शिकल्या, एका पंगतीत जेवल्या, आणि परत जाऊन बाळंतपणं बघू लागल्या. १९७९ मध्ये या जोडप्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज आपल्याकडे आशाताई आहेत, त्याही गावातल्याच. बाळ जन्मलं की बेचाळिसाव्या दिवसापर्यंत त्या पुन्हा पुन्हा घरी येऊन बघतात.

मग अडतं कुठे? जागेपाशी आणि वेळेपाशी. दर महिन्याचा आरोग्य व पोषण दिवस बहुतेक ठिकाणी अंगणवाडीत, भर दुपारी. तेव्हा मजूर बाई खुरपायला गेलेली असते. आणि कार्यक्रमाला साहेब येणार असले की झालंच! माझं तर स्पष्ट मत आहे, हे हारतुरे, नारळ, शाली एकदाच्या बंद करा. पाहुण्याची गाडी येईपर्यंत लेकरं रडून झोपी जातात. त्या हारांच्या पैशांत शेंगदाण्याचे लाडू तरी होतील.

तर महिन्यातून एकदा तरी वजनकाटा वस्तीवर न्या. संध्याकाळी, कामावरून बायका परतल्यावर, त्यांच्याच अंगणात. आशाताईंकडे दंडाला लावायची पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते मूल अतिकुपोषित. पुन्हा सांगते, साडेअकरा. ही पट्टी आईच्या हातात द्या, तिलाच लावू द्या, शेजारणीच्या लेकरालाही लावू द्या. एकदा आकडा स्वतः वाचला की ती दवाखान्यात न्यायची वाट बघत बसत नाही.

ऊसतोडीची घरं दिवाळीच्या आसपास निघतात. त्यांच्या पोरांचे दंड मोजायचे, लसीचं कार्ड बघायचं, ते गाडी भरायच्या आधी. कार्ड सोबत बांधून द्या, ट्रंकेत तळाशी नको, वर ठेवा. कारखान्यावरची नर्स आधी तेच मागते. यंदा आपल्या वस्तीवर ही तपासणी कधी, हे उद्याच आशाताईंना विचारा, आणि मुकादमालाही तो दिवस कळवून ठेवा. नमस्कार.