लेबलांचे पाठभेद

या टेबलावर दोन कार्ट्रिजं ठेवली आहेत, म्हणजे व्हिडिओ गेमच्या यंत्रात घालायच्या, आत खेळाची चिप असलेल्या प्लास्टिकच्या डब्या. दोन्ही 'अटारी' या अमेरिकी कंपनीची आणि दोन्हींत एकच खेळ, 'कॉम्बॅट'. चिपमध्ये तोच 2 किलोबाइटचा प्रोग्रॅम आहे. यंत्रात घालून टीव्हीवर लावली तर तेच रणगाडे दिसतील, तीच विमानं दिसतील. खेळणाऱ्याला दोन्ही सारखीच. पण डावीकडच्या कार्ट्रिजच्या लेबलवर चित्र नाही. काळ्या पार्श्वभूमीवर नुसती रंगीत अक्षरं आहेत आणि कडेच्या पट्टीवर नावाआधी '01' असा आकडा आहे. उजवीकडच्या लेबलवर हाताने रंगवलेलं युद्धाचं चित्र आहे. आज मला बोलायचंय ते या दोन कागदांमधल्या अंतराबद्दल.

जुन्या पोथ्यांचे अभ्यासक 'पाठभेद' हा शब्द वापरतात. एकाच ग्रंथाच्या दहा हस्तलिखित प्रती समोर मांडायच्या, कुठे एक शब्द बदललाय, कुठे एक ओवी जास्त आहे हे टिपायचं, आणि त्यावरून कोणती प्रत आधीची, कोणती नंतरची, कोणी कोणावरून नक्कल केली हे ठरवायचं. कार्ट्रिज जमवणारा माणूस लेबल पाहतो तेव्हा तो हेच काम करत असतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, एकच खेळ चार-चार वेळा कशाला घ्यायचा? मला ते चार पाठ वाटतात.

'अटारी'चं उदाहरण आधी पुरं करतो, कारण तिथे हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. बदलता येणाऱ्या रॉम (कायमची लिहिलेली चिप) कार्ट्रिजवर चालणारं पहिलं यंत्र म्हणजे 1976 सालचं 'फेअरचाइल्ड चॅनेल एफ'. जेरी लॉसन यांच्या नेतृत्वाखाली ते घडलं, आणि त्याची पिवळीधमक कार्ट्रिजं आजही हातात घ्यावीशी वाटतात. पुढच्याच वर्षी, 1977 मध्ये, 'अटारी व्हीसीएस' हे यंत्र बाजारात आलं. पहिल्या दिवसाला नऊ खेळ होते. या पहिल्या खेपेचे आकडे नीट पाहा. 'कॉम्बॅट' 01, 'इंडी 500' 11, 'ब्लॅकजॅक' 51, 'बेसिक मॅथ' 61. नऊच खेळ, मग 61 कुठून आला? आकडे अनुक्रमाने दिलेले नाहीत, गटांप्रमाणे दिलेले आहेत. लढाईचा गट वेगळा, शर्यतींचा वेगळा, पत्त्यांचा वेगळा, शिकण्याचा वेगळा. एखाद्या ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक द्यावेत तसं. कंपनीला वाटत होतं की आपण घराघरात एक छोटं कपाट उभं करतोय आणि लोक त्यात आकड्यांप्रमाणे कार्ट्रिजं लावतील. पुढे ही पद्धत मागे पडली. ती कल्पना होती याचा रोज हाताळता येणारा पुरावा म्हणजे लेबलवरचे हे दोन आकडे. नंतरच्या लेबलवरून ते गेले, आणि त्यांच्याबरोबर ते मनातलं कपाटही गेलं.

आता चित्राचं लेबल. पडद्यावर रणगाडा म्हणजे मोजून काही चौकोन. तेवढ्याच मेमरीत काम करायचं होतं. मग मुलाच्या डोळ्यासमोर खरा रणगाडा कोणी उभा केला? चित्रकाराने. खोक्यांवर अशी चित्रं सुरुवातीपासून होती. क्लिफ स्पोन, सुझन जेकेल, रिक ग्विडिस या मंडळींनी ती रंगवली आणि पुढे कार्ट्रिजच्या लेबलवरही चित्रं आली. खोकं फाडून फेकलं जातं, कार्ट्रिज राहतं. त्यामुळे ज्याच्याकडे नुसतं अक्षरांचं लेबल होतं आणि ज्याच्याकडे चित्राचं, त्या दोन मुलांच्या डोक्यातला खेळ वेगळा असणार असं मला मनापासून वाटतं. हे सिद्ध करता येणार नाही, पण लेबल हातात धरलं की पटतं. त्यानंतर चंदेरी लेबलं आली, शेवटी शेवटी लाल. तोवर 1982 मध्ये यंत्राचं नावही '2600' झालं होतं.

आणि हे फक्त एका कंपनीच्या स्वतःच्या छपाईबद्दल झालं. 'सिअर्स' या अमेरिकी दुकानसाखळीने हेच यंत्र स्वतःच्या 'टेली-गेम्स' नावाखाली विकलं आणि खेळांची नावंही बदलली. 'कॉम्बॅट'चं 'टँक प्लस' झालं, 'एअर-सी बॅटल'चं 'टार्गेट फन', 'आउटलॉ'चं 'गनस्लिंगर'. आतला खेळ तोच. एकच गोष्ट गावोगावी वेगळ्या नावाने सांगितली जावी तसं. नवीन संग्राहक इथे हमखास फसतो. वेगळा खेळ समजून घेतो आणि घरी येऊन लावतो तर तेच रणगाडे! माझा सल्ला असा की वाईट वाटून घेऊ नका, ते कार्ट्रिज मूळ भावंडाशेजारी ठेवा. मात्र 'स्टीपलचेस', 'स्टेलर ट्रॅक' आणि 'सबमरीन कमांडर' हे तीन खेळ फक्त 'सिअर्स'च्या लेबलखालीच निघाले, तेवढे लक्षात ठेवा.

आता 'निन्टेंडो' या जपानी कंपनीकडे वळूया. अमेरिकेत तिचं 'एनईएस' हे यंत्र 1985 मध्ये आलं. त्याची राखाडी कार्ट्रिजं सगळी एका साच्यातली वाटतात, पण मागे वळवून स्क्रू मोजा. सुरुवातीच्या कार्ट्रिजला पाच साधे, खाचेचे स्क्रू आहेत. नंतर तीन झाले, तेही खास डोक्याचे, ज्यांना 3.8 मिलिमीटरचा वेगळा पेचकस लागतो, आणि वरची कड प्लास्टिकच्या खाचांत अडकवलेली. म्हणजे कवच बदललं. लेबलवर नाव तेच, चित्र तेच, पण पाच स्क्रूंच्या कवचावरचं लेबल आणि तीन स्क्रूंच्या कवचावरचं लेबल वेगवेगळ्या काळात चिकटवलेलं आहे. 'जायरोमाइट'च्या काही सुरुवातीच्या प्रती उघडल्या तर आत 'फॅमिकॉम'चा, म्हणजे याच यंत्राच्या जपानी भावंडाचा, 60 पिनांचा बोर्ड आणि तो 72 पिनांना जोडणारा अडॅप्टर सापडतो. नव्या बाजारासाठी माल पुरेसा तयार नव्हता, तेव्हा जे हाताशी होतं ते कवचात बसवून दिलं. लेबल यातलं काही बोलत नाही. म्हणून मी नेहमी सांगतो, लेबल एकट्याने वाचू नका. लेबल, कवच, स्क्रू आणि चिपवरचा तारखेचा कोड, चौघांची साक्ष एकत्र घ्या. चिपवर बहुतेकदा चार आकडे असतात. '8812' म्हणजे 1988 सालचा बारावा आठवडा. लेबल 1985 सालचं म्हणतंय आणि चिप 1988 ची, तर ते कार्ट्रिज नंतरच्या खेपेचं आहे, किंवा कोणीतरी कवचं अदलाबदल केली आहेत.

काही वेळा पाठभेदामागे एखादा करार असतो. 1987 मध्ये 'माइक टायसन्स पंच-आउट' आलं. मुष्टियोद्धा टायसन यांच्याशी असलेला करार संपल्यावर 1990 मध्ये तोच खेळ नुसत्या 'पंच-आउट' नावाने आला आणि शेवटचा प्रतिस्पर्धी म्हणून 'मिस्टर ड्रीम' उभा राहिला. इथे लेबलबरोबर आतलाही भाग बदलला. याच्या उलट 'स्टेडियम इव्हेंट्स'. 'बान्दाई' या कंपनीने 1987 मध्ये अमेरिकेत हा खेळ पायाने दाबायच्या चटईबरोबर आणला. मग ती चटई 'निन्टेंडो'ने स्वतःकडे घेतली, तिचं नाव 'पॉवर पॅड' ठेवलं, आणि खेळ 'वर्ल्ड क्लास ट्रॅक मीट' या नावाने विकला. जुन्या लेबलच्या प्रती दुकानांतून नाहीशा झाल्या. आज 'वर्ल्ड क्लास ट्रॅक मीट' कोणालाही सहज मिळतं, आणि 'स्टेडियम इव्हेंट्स'च्या अमेरिकी प्रतीसाठी लोक वर्षानुवर्षं थांबतात. धावणारा खेळाडू तोच, धाव तीच.

1990 च्या 'निन्टेंडो वर्ल्ड चॅम्पियनशिप्स' या स्पर्धेच्या कार्ट्रिजांबद्दल तुम्ही ऐकलं असेल. 90 राखाडी आणि 26 सोनेरी, एवढीच अधिकृत संख्या. त्यातल्या एका राखाडी प्रतीचं लेबल फाटलेलं आहे आणि त्यावर कोणीतरी पेनने लिहिलंय, 'मारिओ'. मला ही प्रत सगळ्या सोनेरी प्रतींपेक्षा जास्त जवळची वाटते. कुठल्यातरी घरात कोणाला तरी हे ओळखायचं होतं, की यात मारिओ आहे. त्या माणसाने स्वतःचं लेबल लिहिलं. पोथीच्या समासात वाचणाऱ्याने केलेली नोंद असते ना, तशी ती नोंद आहे.

याच कारणासाठी मी एका गोष्टीबद्दल कायम कळवळून बोलतो. लेबलवरची नावं, मार्करच्या खुणा, भाड्याने खेळ देणाऱ्या दुकानांची स्टिकरं काढू नका. संग्रहाच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे असं एक कार्ट्रिज आलं. वर एका भाड्याच्या दुकानाचं पिवळं स्टिकर होतं आणि त्यावर परत करायच्या तारखा. मला लेबल स्वच्छ हवं होतं. कापसावर स्पिरिट घेतलं आणि चोळलं. स्टिकर निघालं, आणि त्याच्याबरोबर खालच्या कोपऱ्यातली शाई आणि कागदाचा वरचा पापुद्राही निघाला. त्या कोपऱ्यात खेळाचा कोड होता, जो मी अजून नोंदवला नव्हता. स्टिकरवरच्या तारखाही गेल्या आणि कोडही गेला. ते कार्ट्रिज मी अजून ठेवलंय. स्पिरिट फक्त धातूच्या पिनांना लावायचं, लेबलला कधीही नाही.

स्टिकर काढलं की खेळच मरतो, असंही होऊ शकतं. विक्रीपूर्वीच्या चाचणीसाठी बनवलेल्या प्रोटोटाइप कार्ट्रिजांमध्ये बहुतेकदा ईप्रॉम चिप असते. तिच्या माथ्यावर काचेची छोटी खिडकी असते, आणि तिच्यातून अतिनील किरण आत गेले की चिपमधली माहिती पुसली जाते. पुन्हा लिहिता यावं म्हणून ती तशीच बनवलेली असते. त्या खिडकीवर एक साधं स्टिकर लावलेलं असतं, बऱ्याचदा हाताने लिहिलेलं. आत काय आहे बघूया म्हणून ते सोलून चिप उन्हात ठेवली, तर जगातली एकमेव प्रत हळूहळू कोरी होत जाते. इथे लेबल खेळाचं झाकण आहे.

आता नकलांबद्दल. जुलै 2021 मध्ये 'सुपर मारिओ 64'ची एक सीलबंद प्रत अमेरिकेतल्या लिलावात 15 लाख 60 हजार डॉलरना गेली. अशा बातम्या आल्या की बनावट लेबलं छापणारेही कामाला लागतात. ओळखायचं कसं? दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. मूळ लेबल ऑफसेटवर छापलेलं असतं. रंगीत भागात चार रंगांच्या ठिपक्यांची नियमित जाळी दिसते, फुलांच्या पाकळ्यांसारखी. पण काळी अक्षरं पाहा. मूळ लेबलवर ती सलग काळी असतात, कडा धारदार. स्कॅन करून छापलेल्या नकलेत अक्षरांच्या कडांनासुद्धा रंगीत ठिपके फुटलेले दिसतात, कारण स्कॅनरला अक्षर आणि चित्र यातला फरक कळत नाही. 'निन्टेंडो'च्या हातात धरून खेळायच्या 'गेम बॉय'चं कार्ट्रिज असेल तर ते तिरक्या उजेडात धरा. लेबलवर शाईविना दाबून उठवलेले दोन आकडे दिसतील, कधी पुढे एखादं अक्षर. समोरून फोटो काढला तर ते दिसत नाहीत, म्हणून विकणाऱ्याकडे तिरक्या उजेडातला फोटो जरूर मागा.

एक फरक मात्र नीट करायला शिका. उन्हात राहिलेल्या लेबलवरचा लाल आणि पिवळा आधी उडतो, निळा मागे राहतो. असं निळसर पडलेलं लेबल कोणी 'दुर्मिळ रंगाची छपाई' म्हणून दाखवलं तर कडेची पट्टी पाहा, तिच्यावर ऊन कमी पडलेलं असतं. 'ॲक्टिव्हिजन' या खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या जुन्या लेबलांवर डाग पडतात, संग्राहक त्याला 'ॲक्टिप्लाक' म्हणतात. हा झिजेचा भाग आहे. पाठभेद छापखान्यात होतो, घरात नाही.

आणि कधी कधी लेबलच नसणं हा पाठ असतो. 1983 मध्ये 'कोका-कोला'ने आपल्या विक्री-संमेलनासाठी 'स्पेस इन्व्हेडर्स'वरून एक खेळ बनवून घेतला, ज्यात शत्रूंच्या जागी 'पेप्सी' ही अक्षरं खाली उतरतात. 125 प्रती निघाल्या. त्या कार्ट्रिजवर लेबल चिकटवलेलंच नव्हतं. कोरं कार्ट्रिज दिसलं की लोक ते 'सुट्या भागांसाठी' म्हणून टाकून देतात. टाकण्याआधी एकदा यंत्रात घालून बघत जा.

माझ्या वहीत प्रत्येक कार्ट्रिजला एक पान आहे. लेबलवरचा मजकूर जसाच्या तसा, चुकांसकट. नावापुढे ट्रेडमार्कची खूण कोणती, टीएम आहे की वर्तुळातला आर. स्क्रू किती. कुठे जुळवलं, जपान की मेक्सिको. दाबलेले आकडे. चिप उघडली असेल तर तारीख. आणि शेवटी, कोणी काही लिहिलं असेल तर ते.

आता हे भिंग आणि हा दिवा मी इथे ठेवतो. एकेक जण पुढे या. डावीकडचं 'कॉम्बॅट' आधी घ्या, कडेच्या पट्टीवरच्या शून्यापाशी भिंग न्या, आणि शाई कडेला जरा कुठे पसरलीय ते मला सांगा.