फॉस्फेटचं कुलूप

(दृश्य : स्नायूपेशीचं पटल, अगदी जवळून)

प्रौढ माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी जेमतेम ४ ते ५ ग्रॅम ग्लुकोज असतं. स्नायूपेशीला त्यातला वाटा हवा असतो, पण पटलातून ग्लुकोज आपणहून आत झिरपत नाही. ते आत घेणारी ग्लुट-४ ही वाहक प्रथिनं एरवी पेशीच्या आतच, पिशव्यांसारख्या इवल्या पुटिकांमध्ये दडून असतात. इन्सुलिनचा निरोप आला की पुटिका पटलाला जाऊन मिळतात. जोरात व्यायाम केला, तर इन्सुलिनशिवायही.

(दृश्य : रेणू आत येतो, सहाव्या कार्बनवर फॉस्फेट चिकटतो)

आलेलं ग्लुकोज आल्या वाटेनं परतही जाईल. म्हणून हेक्झोकायनेज हे विकर लगेच एक एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्चून त्याला फॉस्फेट जोडतं. झालं, कुलूप लागलं! हे ग्लुकोज-६-फॉस्फेट वाहकातून बाहेर पडू शकत नाही. ते फार साचलं, की हेक्झोकायनेजलाच थोपवतं.

यकृताचा कारभार निराळा. हेक्झोकायनेज लिटरमागे ०.१ मिलिमोल ग्लुकोजच्या आसपासच कमाल वेगाच्या निम्मा वेग गाठतं. यकृतात हेच काम करणाऱ्या ग्लुकोकायनेजला त्यासाठी सुमारे ८ मिलिमोल लागतात. उपाशीपोटी रक्तात असतं ५ च्या आसपास. म्हणजे यकृत जेवणानंतरच खऱ्या अर्थानं हात घालतं, आणि साचलेल्या मालानं ते अडतही नाही.

(दृश्य : ग्लायकोलिसिसची साखळी, तिसऱ्या पायरीवर प्रकाश)

ग्लुकोज फोडून ऊर्जा काढणाऱ्या पुढच्या साखळीचा मुख्य लगाम फॉस्फोफ्रुक्टोकायनेज या विकराकडे. गंमत अशी, की एटीपी हा त्याचा कच्चा माल, आणि जास्त झाला की ब्रेकही तोच. एटीपी थोडंसं घटलं, तरी एएमपी, म्हणजे एटीपी खर्ची पडल्यावर उरणारा रेणू, कितीतरी पटींनी वाढतं आणि ब्रेक सुटतो.

(दृश्य : यकृत आणि स्नायू शेजारी शेजारी)

आता कुलूप उघडायचं कुणी? स्नायूंमध्ये ग्लायकोजेनचा, म्हणजे साखळ्यांत जोडून ठेवलेल्या ग्लुकोजचा, साठा सुमारे ४०० ग्रॅम, यकृतात जेमतेम १००. तरी उपासात रक्ताला ग्लुकोज पुरवतं ते यकृतच, कारण किल्ली, म्हणजे फॉस्फेट काढून टाकणारं ग्लुकोज-६-फॉस्फटेज हे विकर, त्याच्याकडे आहे. स्नायूंकडे ती नाहीच. त्यांचा साठा त्यांच्यापुरता.

व्हॉन गिर्के आजारात यकृताची हीच किल्ली जन्मतः निकामी असते. ग्लायकोजेन साचून यकृत फुगतं आणि काही तासांच्या उपासातच रक्तातली साखर धोकादायक उतरते. अशा मुलांना रात्रीही ठरावीक अंतरानं पाण्यात कालवलेलं मक्याचं स्टार्च देतात. तेही कच्चंच, शिजवलेलं फार लवकर पचून जातं.